रुबाब कुणाचा, माज कुणाचा?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. ज्यांना त्या दिवशी येता आलं नाही अशा सभासदांच्या आग्रहावरून मजकूर देत आहोत. भाषणाची बोली तशीच ठेवली आहे.)



आपल्या बैठकांमध्ये आपण सहसा मोठे विषय घेतो. जागतिकीकरण, आरक्षण, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आजचा विषय त्यामानाने अगदी घरगुती आहे. बढाई, विनय आणि अभिमान. रोज जेवणाच्या टेबलावर, गणपतीच्या आरतीनंतर, सुट्टीत गावी गेल्यावर आपण ज्या गोष्टी करतो आणि ज्यांच्याबद्दल दुसऱ्यांना नावं ठेवतो, त्या. पण माझं म्हणणं असं आहे की हा विषय दिसतो तितका घरगुती नाही. आपण कुणाच्या वागण्याला आत्मविश्वास म्हणतो आणि कुणाच्या वागण्याला माज म्हणतो, यात आपला सगळा समाज बसलेला असतो.

सुरुवात आपण राहतो त्या जागेपासून करू. बुर्ज खलिफा ४ जानेवारी २०१० रोजी खुला झाला. उंची ८२८ मीटर. एप्रिल २०२३ मध्ये दुबईत 'पी ७' या गाडीच्या नंबरप्लेटला लिलावात ५ कोटी ५० लाख दिरहम मिळाले आणि ते पैसे गरजूंना जेवण पुरवण्याच्या मोहिमेला गेले. त्याआधी २००८ साली अबुधाबीत '१' या एका आकड्यासाठी ५ कोटी २२ लाख दिरहम मोजले गेले होते. आपल्याकडचे पाहुणे हे ऐकून डोळे मोठे करतात आणि मग म्हणतात, "काय हा दिखावा!" मला त्यांना सांगावंसं वाटतं की शहराच्या दिखाव्याचा हिशेब तरी सरळ आहे. दुबईत तेल सापडलं १९६६ साली, तेही शेजारच्या अबुधाबीच्या मानाने थोडं. ते पुरणार नाही हे ओळखून बंदरं बांधली, १९७९ साली जबल अली सुरू झालं, मग विमानं, हॉटेलं, इमारती. बाहेरचा माणूस आणि बाहेरचा पैसा आला तरच हे शहर चालतं. त्यामुळे इथे सर्वात उंच आणि सर्वात मोठं ही दुकानावरची पाटी आहे. पाटीला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही.

आपलं तसं नाही. आपण बढाई मारतो आणि वर म्हणतो, आम्ही साधी माणसं.

मराठी मध्यमवर्गाला आपल्या साधेपणाचा फार अभिमान आहे. पंजाबी लोक बघा कसे उधळतात, आमच्यात नाही बाई असं. हे वाक्य विनयाचं आहे की बढाईचं? दुसरं एक वाक्य घ्या. "काही सुचत नाही हो, मुलीला तीन युनिव्हर्सिट्यांतून ऍडमिशन आली आहे, कुठे पाठवावं तेच कळत नाही." ही तक्रार ऐकून कुणी सहानुभूती दाखवली तर बोलणाऱ्याची निराशाच होईल. "नवीन व्हिला घेतला, पण साफसफाई करून कंबर मोडते" हेही त्याच जातीचं. सरळ बढाई मारायची लाज वाटते म्हणून आपण ती तक्रारीच्या कागदात गुंडाळून देतो.

इथल्या कुठल्याही मराठी घरी पहिल्यांदा जेवायला गेलं की चहा येईपर्यंत पाच प्रश्न होतात. कुठे राहता? कुठल्या कंपनीत? मुलं कुठल्या शाळेत? गाडी कोणती? पुण्यात फ्लॅट कुठे घेतलाय? पहिल्याच प्रश्नाला शारजात राहणारा माणूस जरा चाचरतो आणि म्हणतो, "शारजा, पण अगदी बॉर्डरवर. दुबईत दहा मिनिटांत पोचतो." रोज सकाळी अल इत्तिहाद रोडवर गाडी सरकवणाऱ्यांना त्या दहा मिनिटांचा अर्थ ठाऊक आहे. माणूस खोटारडा नाही. भाडं परवडत नाही हे चारचौघांत म्हणण्याची सोय आपण ठेवलेली नाही, एवढंच.

आणि हे पाच प्रश्न तरी कुणाला विचारले जातात? २०१९ पासून इथला नियम असा आहे की कुटुंबाला बोलावून घ्यायचं तर दरमहा किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची सोय, इतकी मिळकत लागते. त्या रेषेखालच्या माणसाला बायकामुलांसह कुणाच्या घरी जेवायला जाण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे आपला सगळा विनय आणि आपली सगळी बढाई ही रेषेच्या वरच्या लोकांची आपापसातली गोष्ट आहे. खालच्या लोकांकडे मी पुढे येणार आहे.

आधी भाषेकडे बघू. गर्व, घमेंड, फुशारकी, बढाई, ऐट, तोरा, मिजास, रुबाब, माज. मराठीत या एका गोष्टीसाठी शब्दांची कमतरता नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगितली, त्यात स्वतःची स्तुती स्वतः करणारा आहे. म्हणीही भरपूर. उथळ पाण्याला खळखळाट फार. गर्वाचं घर खाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण या म्हणी कुणाला हसतात? ज्याच्याकडे थोडं आहे आणि तो आवाज करतो, त्याला. अगदी 'बडा घर पोकळ वासा' ही म्हणसुद्धा घर आतून रिकामं असल्याबद्दल हसते. ज्याचं घर खरोखर भरलेलं आहे आणि जो त्यामुळेच शांत बसू शकतो, त्याच्या शांततेला हसणारी म्हण मला तरी आठवत नाही. ज्याच्याबद्दल त्याचं आडनाव, त्याचा उच्चार, दारात उभी असलेली गाडी आधीच बोलून गेली आहे, त्याला स्वतः बोलायची गरज काय? त्याचा विनय खरा असेलही. पण तो स्वस्तात मिळालेला आहे.

आणि शब्द वाटले कसे जातात तेही पाहा. मोठ्या घरचा मुलगा ताठ चालला तर रुबाबदार. ज्याच्या आजोबांना गावच्या चावडीसमोरून चप्पल हातात घेऊन जावं लागत होतं, त्याचा नातू तसाच ताठ चालला तर त्याला माज आला. पुरुष सभेत मुद्दा ठासून मांडतो तेव्हा तो अभ्यासू. बाईने तोच मुद्दा तसाच मांडला तर ती आगाऊ, फार शहाणी. वागणं एकच, शब्द दोन. कुठल्या वागण्याला कुठला शब्द लावायचा हे वागण्यावरून ठरत नाही, माणसावरून ठरतं.

हे मी हवेत बोलत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' लिहिलं, त्यात काही ताज्या घटना नोंदवल्या आहेत. इंदूर संस्थानातल्या बलाई जातीवर १९२८ साली गावच्या सवर्णांनी अटी लादल्या. जरीकाठी पागोटी बांधायची नाहीत, रंगीत काठाची धोतरं नेसायची नाहीत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नाकारलं तर पाणी बंद, शेतात जायची वाट बंद. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्य यात्रेकरूने १९३६ साली गावजेवण घातलं आणि पंगतीत तूप वाढलं. सवर्णांचा जमाव चालून आला, जेवणाऱ्यांना मारहाण झाली. गुन्हा कोणता? चोरी नाही, शिवी नाही. तूप. म्हणजे मोठेपणा. ज्यांच्यासाठी विनय हा सद्गुण नसून शिक्षेच्या धाकाने पाळायचा नियम होता, त्यांना आपण 'नम्र राहावं' हा उपदेश कोणत्या तोंडाने करायचा?

याच्या नऊ वर्षं आधी, डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी बोलले. तुमची लुगडी नेसण्याची पद्धत बदला, गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या गोठ-पाटल्या टाकून द्या, कारण त्यांवरून लोक तुम्हाला ओळखतात, असा त्याचा आशय होता. सोनूबाईची म्हण मघाशी सांगितली ती मुद्दाम. ज्या कथलाच्या वाळ्याला म्हण हसते, तो वाळा हाताला कसा चिकटला हे बाबासाहेबांनी सांगितलं, आणि तो उतरवायला सांगितलं. बाबासाहेबांच्या सुटाबुटावर टीका झाली, अजूनही होते. गांधीजींचा पंचा आणि बाबासाहेबांचा सूट यांची तुलना आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण पंचा नेसून मोठं होता येतं ते ज्याला पंचा सोडून दुसरं काही नेसण्याची मुभा आहे त्यालाच. ज्याला चांगलं वस्त्र नेसण्याचीच बंदी होती त्याने सूट घालणं ही ऐट नव्हे. तो हक्क आहे.

माझ्या मनातला याचा सर्वात स्पष्ट नकाशा पंढरपूरच्या महाद्वारात आहे. तिथे नामदेव पायरी आहे. परंपरा सांगते की संतसज्जनांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी पायरी होण्याचं मागितलं. आणि तिथेच समोर चोखामेळ्याची समाधी आहे. मंगळवेढ्याला वेठीने कुसवाचं काम करताना ते कोसळून चोखोबा गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणल्या, असं परंपरा सांगते. दोघेही दारातच. पण एकाने दारात राहणं निवडलं आणि दुसऱ्याला दाराच्या आत येऊच दिलं नाही. बाहेरून पाहिलं तर दोन्हीकडे नम्रताच दिसते. त्या दारातून दलितांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं. वारीत माणसं एकमेकांच्या पाया पडतात, लहान मोठ्याच्या आणि मोठा लहानाच्या. मला तो विनय फार मोलाचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंनी आहे. एकाच बाजूने वाकायचं असेल तर त्याला विनय म्हणू नये.

बायकांच्या विनयाबद्दल थोडं. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. पुण्यात सेवासदन उभारणारी ही बाई, पण पुस्तक प्रामुख्याने न्यायमूर्तींचं आहे. स्वतःचं सांगायचं तर नवऱ्याच्या आडून सांगायचं, हीच तेव्हा सभ्य रीत होती. आपण म्हणू की तो काळ गेला. इथे २०२२ पर्यंत पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लागायचं. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या किती डॉक्टर, आर्किटेक्ट, प्राध्यापक बायकांच्या स्टिकरवर व्यवसायाच्या रकान्यात 'हाऊसवाइफ' असं छापलेलं होतं, हे आपल्या ओळखीत मोजून पाहा. स्टिकर गेलं. पण ओळख करून देताना आजही "ही आमच्या अमक्यांची मिसेस" असंच होतं, आणि तिने स्वतःहून आपली डिग्री सांगितली तर दुसऱ्या दिवशी फोनवर चर्चा होते की काय बाई तोरा!

आता रेषेखालच्या माणसांकडे येते. आखातात मराठी माणूस आला तो काही आपल्यासारख्या इंजिनिअर-अकाउंटंटांपासून नाही. रत्नागिरी-रायगडची, श्रीवर्धन, महाड, खेड, दापोली, चिपळूणची माणसं, त्यात कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने, पिढ्यानपिढ्या इकडे येत आहेत. जहाजावर, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात, वेल्डिंगला, ड्रायव्हर म्हणून. आपल्या मराठी अभिमानाच्या कार्यक्रमांत, लेझीम आणि फेट्यांच्या फोटोंत, ही माणसं दिसतात का? घरी कोकणी मराठी बोलणारा माणूस रोज आपल्याला भेटतो आणि आपण त्याच्याशी हिंदीत बोलतो. मराठीचा अभिमान असा वेचून-वेचून करता येतो, हे मला विलक्षण वाटतं.

ही माणसं गावी जातात तेव्हा बढाई मारतात, अशी आपली तक्रार असते. एक काळ होता, टेप रेकॉर्डर, ब्लँकेट, टँगचे डबे, निडोची पावडर, अत्तराच्या बाटल्या, हातात सोन्याचं ब्रेसलेट. आता मोबाईल आणि गावातलं दुमजली घर. पण त्या बढाईच्या मागे काय आहे? दुबईत कामगारांच्या वस्त्या जिथे आहेत त्या एका भागाचं सरकारी नाव मुहैस्ना दोन. लोक म्हणतात सोनापूर. मुंबईच्या जुन्या माणसाला विचारा, सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. एका खोलीत कितीतरी जणांची दुमजली कॉट. एजंटाला दिलेल्या पैशांचं कर्ज. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम बंद ठेवायचा नियम आहे. म्हणजे बाकीच्या वेळात ऊन आहेच. हा माणूस गावी जाऊन काय सांगेल? त्याच्या आईला खरं ऐकायचं आहे का? बहिणीचं लग्न ठरवताना खरं सांगून चालेल का? तो सांगतो, "दुबईत मजा आहे." या वाक्याला मी फुशारकी म्हणायला तयार नाही. घराला दिलेला तो आणखी एक हप्ता आहे, रोख पैशांऐवजी शब्दांत भरलेला.

आणि त्याची ही बढाई आणि आपली बढाई यांत एक साम्य आहे, म्हणून हा विषय मी आज घेतला. दोन्हींमुळे माणूस एकटा पडतो.

२००८-०९ च्या मंदीत माणसं दुबई विमानतळावर गाड्या सोडून निघून गेल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. लोक हसले. पण चेक वटला नाही तर तुरुंगाची भीती होती. हा कायदा बऱ्याच प्रमाणात सैल झाला तो जानेवारी २०२२ पासून. २०२० साली करोनात पुन्हा नोकऱ्या गेल्या, ७ मे २०२० पासून 'वंदे भारत'ची विमानं सुटू लागली. त्या दोन्ही वेळी आपल्या ओळखीतली कुटुंबं अचानक दिसेनाशी झाली. मंडळाच्या कार्यक्रमाला येईनात, फोन उचलेनात. काही महिन्यांनी कळलं की ते परत गेले. सकाळी डबा घेऊन, टाय लावून घराबाहेर पडणारी आणि दिवसभर मॉलमध्ये किंवा कॉर्निशवर बसून संध्याकाळी घरी येणारी माणसं होती. शाळेची फी क्रेडिट कार्डावर, ते कार्ड फेडायला दुसरं कार्ड. या माणसांना कुणी मदत केली नसती असं नाही. आपण करतो मदत. पण मागायची कशी? ज्या टेबलावर दहा वर्षं व्हिला, गाडी आणि मुलाचे मार्क सांगितले, त्याच टेबलावर "माझी नोकरी गेली" हे वाक्य कसं ठेवायचं? व्हिसा रद्द झाल्यावर हातात थोडेच दिवस असतात. त्यातले पहिले कित्येक दिवस केवळ लाजेत जातात. आपल्या बढाईची खरी किंमत ही आहे.

मग काय करायचं? सगळ्यांनी नम्र व्हायचं? नाही. तो उपदेश नेहमी चुकीच्या माणसापर्यंत पोचतो. ज्याला तो लागू आहे तो ऐकत नाही, आणि जो आधीच मान खाली घालून बसला आहे तो आणखी खाली घालतो. मला वेगळी कसोटी सुचवायची आहे. माझ्या अभिमानाला उभं राहायला खाली कुणीतरी लागतं का? लागत असेल तर तो गर्व. लागत नसेल तर स्वाभिमान, आणि तो मोठ्याने सांगायला हरकत नाही. "मी घरातली पहिली पदवीधर" हे सांगायला कुणालाही खाली पाडावं लागत नाही. "आम्ही मेरिटवर आलो" या वाक्याला मात्र लागतं. त्यात न बोललेलं एक "ते नाही" आहे.

आणि मेरिटचाच हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. आपल्यातले कितीतरी जण सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतून नाममात्र फीवर शिकले. यशवंतराव चव्हाणांच्या काळात बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना सुरू झालेल्या ई.बी.सी. सवलतीवर कुणाचे वडील शिकले. कुणी भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलं, कुणी १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयात. ज्यांनी कधी विमान पाहिलं नाही अशांच्या करातून आपल्या प्रयोगशाळा चालल्या. हे सांगितल्याने आपली मेहनत कमी होत नाही. फक्त गोष्ट पुरी होते.

शेवटी तीन साध्या सूचना मांडते आणि चर्चेला जागा करते.

पहिली, मुलांना आपली गोष्ट सांगताना त्यात मदत करणाऱ्यांची नावं घालू या. फी भरणारा मामा, खोली वाटून घेणारा मित्र, पहिला पगार होईपर्यंत जेवू घालणारी शेजारीण. मुलांना वाटतं आई-बाबा एकट्याने उभे राहिले, आणि मग तीही मदत मागायला लाजतात.

दुसरी, आपल्या बैठकीत दर वेळी पाच मिनिटं अशी ठेवू या की ज्यात नोकरी, व्हिसा, कर्ज, फी यांबद्दल कुणीही सरळ बोलू शकेल आणि ते या खोलीबाहेर जाणार नाही. पाच प्रश्नांच्या आधी एक सहावा प्रश्न असू दे, "सगळं ठीक चाललंय ना?" आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला थांबू या.

तिसरी, पुढच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचं आमंत्रण कोकणातल्या कामगार बांधवांपर्यंत नेऊ या. प्रेक्षक म्हणून नव्हे आणि त्यांचा सत्कार करायलाही नव्हे. सत्कारात पुन्हा आपणच मोठे होतो. त्यांनी मंचावर बसावं, बोलावं, आपण खाली बसून ऐकावं. आणि त्यांच्यातल्या कुणी बोलताना जरा ऐट दाखवली, तर पहिल्यांदा मनात कोणता शब्द येतो इकडे आपण प्रत्येकाने लक्ष ठेवावं.

इथेच थांबते. ज्यांना माझं म्हणणं पटलं नसेल त्यांनी आधी बोलावं, अशी विनंती आहे.